नाण्याची कड

माझ्याकडची नाणी कागदाच्या लहान पाकिटांत असतात आणि प्रत्येक पाकिटावर नाण्याचे नाव, साल, टाकसाळ, वजन आणि ते हाती आल्याची तारीख मी पेन्सिलीने लिहून ठेवतो. त्यांपैकी एका पाकिटावर या साऱ्या नोंदींच्या वर एकच शब्द ठळक लिहिलेला आहे: बद्द. चांदीचे नाणे दगडावर टाकून वाजवून घेत, त्या काळातला हा शब्द आहे. खणखणले ते खरे, आणि ज्याचा आवाज फुटक्या मडक्यासारखा उमटताच विरून गेला ते बद्द. हे पाकीट मी इतरांपासून वेगळ्या खणात ठेवतो, कारण माझ्या मागे कुणी हा संग्रह उघडला तर त्या नाण्याने आणखी एका माणसाला फसवू नये अशी माझी इच्छा आहे. ते टाकून मात्र मी देणार नाही. नाणे कसे पाहायचे हे मी शिकलो ते मुख्यतः त्याच्यामुळे.

ते नाणे म्हणजे १८७७ साल असलेला अमेरिकेचा ट्रेड डॉलर, किंवा खरे सांगायचे तर तसा दिसणारा धातूचा एक तुकडा. ट्रेड डॉलर अमेरिकेने १८७३ पासून पाडायला सुरुवात केली ती मुख्यतः चीनशी चालणाऱ्या व्यापारासाठी. तिथल्या बंदरांतले व्यापारी मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरला सरावलेले होते, आणि त्याच्या जागी आपले नाणे चालवायचे तर त्यात चांदी किती हे नाणे पाहताच कळायला हवे, म्हणून गरुडाच्या खाली नाण्यावरच लिहून टाकले: ४२० ग्रेन, ९०० फाईन. म्हणजे वजन २७.२२ ग्रॅम आणि हजार भागांत नऊशे भाग शुद्ध चांदी. या लेखी ग्वाहीवर तिथले पारखी विसंबले नाहीत. त्यांनी नाणी तपासली आणि खऱ्या नाण्यांवर आपापल्या चिन्हांचे बारीक ठोके मारले. या पारख्यांना बंदरांतले इंग्रज 'श्रॉफ' म्हणत, आणि हा शब्द ज्या अरबी मुळातून आला त्याच मुळातून आपला 'सराफ' आला आहे. असे ठोके असलेली नाणी मला विशेष प्रिय आहेत. ज्याची परीक्षा झाली आणि ज्याचे नाव झाले त्याला आपण मराठीत 'नाणावलेला' म्हणतो. ठोक्यांचा डॉलर हा शब्दशः नाणावलेला डॉलर असतो.

माझ्या त्या नाण्यावर असे तीन ठोके होते आणि त्यांनीच मला भुलवले. संग्रहाचे ते माझे तिसरे वर्ष होते. एका प्रदर्शनात, एका विक्रेत्याच्या मेजावर ते दिसले. मी ते उचलले, आसनस्थ स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा पाहिला, उलटून गरुड पाहिला, आणि मग ठोक्यांकडे पाहत राहिलो. शंभर वर्षांपूर्वी कुण्या पारख्याने हे तपासून पसंत केले आहे, मग मी आणखी काय तपासणार, असा विचार तेव्हा मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते. माझ्या मागे आणखी एक जण उभा होता आणि तोही त्याच नाण्याकडे पाहत होता. मी पैसे दिले. विक्रेत्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याला स्वतःला ठाऊक होते की नव्हते हे मी आजही सांगू शकणार नाही. मला ठाऊक असायला हवे होते हे मात्र निश्चित.

पुढे नऊ महिने ते नाणे माझ्या संग्रहात मानाने राहिले. मग मी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा घेतला आणि एका संध्याकाळी एकेक पाकीट उघडून सगळी वजने टिपायला बसलो. ट्रेड डॉलर ठेवला तेव्हा काट्यावर २३.८६ हा आकडा स्थिरावला. काटा नवीन असल्यामुळे मला आधी त्याचीच शंका आली. सोबत आलेले प्रमाण वजन ठेवून पाहिले, ते अचूक निघाले. मग मनाने दुसरी पळवाट शोधली: नाणे वापरात झिजले असेल. पण तीन ग्रॅमहून अधिक चांदी झिजून गेली असती तर देवतेच्या वस्त्राच्या चुण्या आणि गरुडाच्या पंखांवरची पिसे इतकी उठावदार राहिली नसती. झीज उंच भागांवर आधी दिसते. वजन घटले आणि उंच भाग शाबूत राहिले, असे होत नाही. ज्या नाण्यावर त्याचे वजन कोरलेले आहे, ते नाणे स्वतःबद्दलच खोटे सांगत होते आणि ते वाचूनही मी नऊ महिने त्याला तोलून पाहिले नव्हते.

त्याच रात्री मी पाण्यातले वजन घेतले. ही परीक्षा आर्किमिडीजच्या तत्त्वावर चालते, तिला खर्च जवळपास नाही आणि नाण्याला तिने ओरखडाही येत नाही, म्हणून ती मी इथे तपशिलाने सांगतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, असे हातात लटकते धरायचे. अक्षरांच्या खोबणीत हवेचे बुडबुडे अडकतात. ते नाणे एक-दोनदा वरखाली करून घालवले नाहीत तर आकडा चुकतो. या स्थितीत काट्यावर जो आकडा दिसतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजे नाण्याच्या आकारमानाचा. शुद्ध चांदीची घनता एका घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, तांब्याची ८.९६, नऊ भाग चांदी आणि एक भाग तांबे यांच्या मिश्रणाची १०.३ च्या आसपास येते. खऱ्या ट्रेड डॉलरने साधारण २.६४ ग्रॅम पाणी सारायला हवे. माझ्या नाण्याने २.७८ सारले. भागाकार केला तेव्हा घनता ८.५८ आली, आणि ती तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूशी जुळते. त्याला 'जर्मन सिल्व्हर' म्हणतात आणि त्यात चांदी औषधालाही नसते. म्हणजे हलका धातू वापरल्यामुळे येणारी तूट भरून काढायला बनवणाऱ्याने नाणे केसभर जाड केले होते आणि वरून चांदीचा मुलामा चढवला होता.

सारे कळल्यावर मी ते नाणे भिंगाखाली आडवे धरले आणि पहिल्यांदा त्याची कड पाहिली. तिथे सगळे लिहिलेलेच होते. दाते विरळ आणि उथळ होते, आणि जेमतेम नखाएवढ्या एका जागी ते एका बाजूला कलले होते. तेवढ्याच जागी मुलामा घासून खालचा पिवळसर राखाडी धातू डोकावत होता. मग ठोके पाहिले. खरा ठोका हा लोखंडी छिन्नीचा घाव असतो. तो बसतो तेव्हा त्याच्या बरोबर मागची, दुसऱ्या अंगाची जागा थोडी चेपली जाते, घावाच्या काठाशी धातू वर सरकतो, आणि वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या वेळी मारलेल्या ठोक्यांची खोली एकसारखी नसते. माझे तिन्ही ठोके सारख्याच खोलीचे होते, त्यांचे काठ गुळगुळीत होते आणि मागच्या बाजूला चेपल्याची खूणसुद्धा नव्हती. ते ठोके कुणी मारलेलेच नव्हते. नाण्याच्या बाकी नक्षीबरोबर तेही त्याच ठशातून उमटले होते. ज्या पारख्याच्या भरवशावर मी नाणे घेतले तो पारखी कधी अस्तित्वातच नव्हता, हे कळले तेव्हा पैसे गेल्यापेक्षा अधिक वाईट वाटले.

त्या दिवसापासून मी नाणे पाहण्याचा क्रम बदलला. आधी कड, मग वजन, आणि चेहरा सर्वांत शेवटी. नकली नाणे बनवणारा आपले सगळे कसब पुढच्या-मागच्या दोन अंगांवर खर्च करतो, कारण घेणारा तिथेच पाहतो हे त्याला ठाऊक असते. कडेपर्यंत येईतो त्याचे लक्ष उडालेले असते, किंवा ती साधायला लागणारे यंत्र त्याच्याकडे नसते. शिवाय नाणे घडले कसे हे कडेवर जितके उघडे असते तितके दुसरीकडे कुठेही नसते. नाणे कसे दिसते याची नक्कल करता येते; ते ज्या रीतीने घडले त्या रीतीची नक्कल करायला त्याच तोडीची टाकसाळ उभारावी लागते. म्हणून कुठलेही नाणे हातात आले की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे कसे घडवले असेल.

नाणे ठशांमध्ये दाबून घडवतात. खालचा ठसा, वरचा ठसा आणि मध्ये धातूची चकती. जोराचा दाब बसला की चांदी घट्ट असूनही लोण्यासारखी सरकते आणि अक्षरांच्या खोबणीत वर चढते. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा मध्याकडून कडेकडे धावतात, आणि कोरे करकरीत नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचे आरे चाकासारखे फिरताना दिसतात ते या रेषांमुळेच. ओतीव नाण्यात हे काहीच नसते. तिथे वितळलेला धातू साच्यात शिरून थिजलेला असतो. त्याची अक्षरे कोपऱ्यांत गोलसर, जराशी विरघळल्यासारखी दिसतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खळगे असतात, आणि साच्यात अडकलेल्या हवेमुळे कधी कधी बारीक पुटकुळ्या उठतात. थंड होताना धातू आकसतो, त्यामुळे खऱ्या नाण्यावरून साचा घेतला असेल तर नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा कडेवर रेषा सोडतो आणि ती कानशीने घासून काढली तर कानशीच्या खुणा राहतात. कानशीची खूण दिसली की माझा हात आपोआप मागे येतो.

खाच आणि उठाव यांतला फरकही याच विचारातून कळतो. ठशावर ओरखडा असेल तर नाण्यावर तो उंचावलेल्या रेषेच्या रूपात उमटतो. नाणे बाहेर पडल्यावर बसलेला ओरखडा मात्र आत गेलेला असतो. पहिला अनेक नाण्यांवर सारखा असू शकतो, कारण ती एकाच ठशातून निघालेली असतात. दुसरा ज्या त्या नाण्याच्या नशिबाचा असतो. एका ज्येष्ठ संग्राहकांनी मला एकदा दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून दाखवली. दोन्ही प्राचीन अथेन्सची चौद्रम्मी, म्हणजे चार द्राख्मांची चांदीची नाणी, एका अंगावर अथीना देवी, दुसऱ्या अंगावर घुबड. अथीनाच्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून थोडे वर, एक तिरपी खाच होती. "किती सुंदर," मी म्हणालो. त्यांनी काही न बोलता दुसरे नाणे माझ्याकडे सरकवले. त्याच गालावर, त्याच जागी, तीच खाच. हवे तर त्यांना जुळी म्हणा, पण जुळ्या भावांच्याही कपाळावर पडल्याचे व्रण एकाच जागी नसतात. दोन्ही एका तिसऱ्या, खऱ्या, खाच पडलेल्या नाण्यावरून घेतलेल्या साच्यातून निघाली होती. "एकटे असते तर मीही घेतले असते," ते म्हणाले. तेव्हापासून एखादे नाणे विकत घेण्यापूर्वी त्या जातीच्या जितक्या नाण्यांची छायाचित्रे मिळतील तितकी मी पाहतो, आणि जी खूण एकाच नाण्यावर असायला हवी ती दुसऱ्यावर दिसते का हे शोधतो.

हातोड्याने पाडलेल्या प्राचीन नाण्यांची कड यंत्राच्या नाण्यांसारखी नियमित नसते, तरी तीही बोलते. अथेन्सच्या खऱ्या चौद्रम्मीचे वजन १७.२ ग्रॅमच्या आसपास असते. एवढी जाड चकती घणाखाली पसरताना कडेला तडकते आणि हे तडे आत खोल, धारदार जातात. ओतीव नकलेत तडासुद्धा साच्यातून आलेला असतो, म्हणून त्याचा तळ भरलेला आणि मऊ दिसतो. टाचणीचे टोक खऱ्या तड्यात आत शिरेल, खोट्या तड्यात ते नुसते खोलगट रेषेवरून घसरेल; अर्थात कुणाच्या नाण्याला टाचणी लावू नये, भिंगानेही हे दिसते.

कडेची सर्वांत सुंदर साक्ष मला मिळाली ती आठ रेआल किमतीच्या स्पॅनिश चांदीच्या नाण्यांत. या नाण्यांनी जवळपास साऱ्या जगाचा व्यापार चालवला. अमेरिकेत तर ती १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. १७७२ पासूनच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा आहे आणि कडेवर एक वर्तुळ, एक आयत, पुन्हा वर्तुळ, पुन्हा आयत अशी साखळी आहे. ही नक्षी नाणे पाडण्याच्या आधीच चकतीच्या कडेवर उमटवत. १७व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये कास्तँ नावाच्या अभियंत्याने त्यासाठी एक यंत्र प्रचारात आणले. त्यात दोन समांतर पट्ट्या असतात, एक स्थिर आणि एक सरकती, दोन्हींवर अर्धी अर्धी नक्षी कोरलेली. चकती त्यांच्यामध्ये उभ्या कडेने धरून सरकती पट्टी ओढली की चकती अर्धा वळसा घेते, आणि तेवढ्यात दोन्ही पट्ट्या मिळून कडेचा पूर्ण फेरा भरून काढतात. आता चकतीचा परीघ आणि पट्ट्यांची लांबी यांचा मेळ कधीच बिनचूक बसत नाही. त्यामुळे जिथे एका पट्टीची नक्षी संपून दुसरीची सुरू होते त्या दोन जागी वर्तुळावर आयत चढतो, किंवा दोन आयत एकमेकांत शिरतात. आणि या दोन जागा नाण्यावर एकमेकींच्या बरोबर समोर, अर्ध्या वळशाच्या अंतरावर असतात.

हे मला कळले त्या दिवशी मी माझी आठ रेआलची सगळी नाणी बाहेर काढली आणि दोन बोटांत धरून दिव्यासमोर एकेक फिरवत बसलो. वर्तुळ, आयत, वर्तुळ, आयत, आणि अचानक एका जागी घोटाळा. तिथून अर्धा वळसा मोजला की दुसरा घोटाळा. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या कामगाराने ओढलेल्या पट्टीची ती सुरुवात आणि तो शेवट. नकली नाणे बनवणारा बहुधा कड अगदी नीट करतो, साखळीत कुठेही खंड पडू देत नाही, किंवा एकच सांधा ठेवतो. त्याला तो दोष वाटतो आणि तो काढून टाकतो. माझ्या पाच नाण्यांपैकी एकाची कड अशीच निर्दोष निघाली. तिच्या पाकिटावरही आता तोच शब्द आहे.

मुळात कडेवर काही उमटवण्याची गरज पडली तीही चोरीमुळेच. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांच्या काठाची चांदी लोक कातरून घेत आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला चालवत. कडेवर दाते किंवा अक्षरे आली की कातरलेले लगेच कळते. इंग्लंडच्या क्राऊन नाण्यांच्या कडेवर १६६२ पासून जे लॅटिन शब्द आले त्यांचा अर्थच 'अलंकार आणि संरक्षण' असा आहे.

खोट्या नाण्यांचा इतिहास खऱ्या नाण्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. तांब्याचा गाभा आणि वर चांदीची पातळ कातडी, अशी नाणी ग्रीक आणि रोमन काळात सर्रास बनत. इसवी सनापूर्वी ३७५-३७४ साली अथेन्सने केलेला एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यानुसार बाजारात एक सार्वजनिक परीक्षक बसे. तो शासनाचा गुलाम असे. ज्या नाण्यात आत कांसे किंवा शिसे निघेल ते त्याने तिथल्या तिथे आडवे कापायचे आणि ते देवमातेच्या मालकीचे म्हणून जमा करायचे. तो आपल्या जागी बसला नाही किंवा कायद्याप्रमाणे त्याने परीक्षा केली नाही तर त्याला ५० फटके. मला या कायद्यातली कापण्याची अट फार शहाणपणाची वाटते, कारण खोटे नाणे नुसते नाकारले तर ते पुढच्या माणसाकडे जाते. रोममध्येही दिनार या चांदीच्या नाण्यांच्या परीक्षेची कला एवढी वाढली की खोट्या दिनाराचा नमुना अभ्यासासाठी मिळवायला लोक अनेक खरे दिनार मोजत, असे थोरला प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. माझ्या वेगळ्या खणामागचा हेतू याहून निराळा नाही.

नकला करणाऱ्यांत ज्याची मला खरोखर धास्ती वाटते तो कार्ल विल्हेल्म बेकर. हा जर्मन माणूस १७७२ ते १८३० या काळात होऊन गेला. त्याने शेकडो ठसे स्वतःच्या हाताने कोरले, ओतकामाच्या वाटेला तो फारसा गेला नाही, आणि चकती म्हणून त्याने अनेकदा खरी पण झिजलेली प्राचीन नाणीच वापरली. म्हणजे धातू जुना, वजन योग्य, घडवण्याची रीतही तीच. वर सांगितलेल्या बहुतेक परीक्षा त्याच्यापुढे लंगड्या पडतात. नव्या नाण्यांची लकाकी मारण्यासाठी तो ती तेलकट लोखंडी किसाबरोबर डब्यात घालून आपल्या घोडागाडीखाली बांधत असे, आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती हवी तशी म्हातारी होत. तो पकडला गेला तो हाताच्या वळणामुळे: निरनिराळ्या शतकांतली आणि निरनिराळ्या नगरांतली नाणी, पण त्यांतले केस, डोळे आणि अक्षरे कोरणारा हात एकच. त्याचे ठसे आज बर्लिनच्या नाणेसंग्रहात आहेत आणि त्यांच्याशी ताडून त्याची नाणी ओळखता येतात. बेकरमुळे एक गोष्ट मी शिकलो, की वजन आणि घनता उत्तीर्ण होणे म्हणजे नाणे खरे ठरणे नव्हे. त्याने एवढेच ठरते की पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही.

घरगुती परीक्षांबद्दल थोडक्यात सांगतो. चुंबकाला नाणे चिकटले तर ते चांदीचे नाही हे नक्की. चिकटले नाही तर काहीच नक्की नाही, कारण तांबे, पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत. बर्फाचा खडा चांदीवर झपाट्याने वितळतो हे खरे आहे, पण तांबेही उष्णता जवळपास तितक्याच वेगाने वाहून नेते. क्ष-किरणांनी धातू ओळखणारे यंत्र उत्तम, पण ते पृष्ठभागाच्या थोड्याच आतपर्यंत पाहते आणि जाड मुलाम्याने फसू शकते. आवाजाची परीक्षा मला मनापासून आवडते. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलके टिचकावले की चांदीचा नाद लांब, पातळ होत जाणारा येतो. पण खरे नाणे आतून तडकलेले असले तर तेही बद्द वाजते, आणि माझा तो ट्रेड डॉलर, पाकिटावर काहीही लिहिलेले असो, वाजायला इतका वाईट नाही. नुसत्या कानावर विसंबलो असतो तर तो आजही मानाच्या जागी राहिला असता.

काळवंडण्याबद्दल मात्र सविस्तर बोलावे लागेल, कारण चांदीचे वय लोक रंगावरून ठरवतात. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो पातळ असताना सोनेरी दिसतो, वाढत जातो तसा तांबूस, जांभळा, निळा आणि शेवटी काळा होतो. काळाने चढलेला हा रंग अक्षरांच्या कुशीत, जिथे बोट पोचत नाही तिथे, दाट असतो आणि उंच भागांवर विरळ. एका छटेतून दुसरीत तो असा जातो की सीमा दाखवता येत नाही. गंधकाच्या द्रावणात बुडवून आणलेला रंग झटकन चढतो आणि झटकन संपतो. तो खोलात आणि उंचावर सारखाच असतो, आणि मुख्य म्हणजे तो ओरखड्यांच्या आतही शिरलेला असतो. घासून चकचकीत केलेल्या नाण्याला पुन्हा म्हातारे करण्यासाठीही हा उद्योग चालतो, म्हणून खऱ्या नाण्यावरही खोटा रंग असू शकतो. कृपा करून जुने नाणे घासू नका. गेलेली कातडी परत येत नाही आणि पुढच्या अभ्यासकाचा पुरावा तिच्याबरोबर जातो.

खऱ्या नाण्यावर खोटी खूण हा प्रकार त्याहून कठीण. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीत मॉर्गन डॉलर ही अमेरिकेची चांदीची नाणी अवघी १,००,००० पडली, म्हणून 'एस' हे टाकसाळ-चिन्ह असलेले त्या सालाचे नाणे दुर्मीळ आहे. त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर, जिथे चिन्ह नसते, बारीकसा 'एस' चिकटवला की काम झाले. वजन, धातू, कड, सगळे खरेच असते. इथे उपयोगी पडते ती ठशाची ओळख. खऱ्या नाण्यांवर 'लिबर्टी' शब्दातील 'टी'च्या माथ्यावर एक बारीक, उंचावलेली तिरपी रेषा असते, कारण ती ठशावरच्या ओरखड्याची आहे. चिन्ह चिकटवणारा माणूस नाण्याच्या मागच्या अंगावर काम करतो आणि पुढच्या अंगावरची ही रेषा त्याला आणता येत नाही.

आणि मग ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा थॅलर हे चांदीचे नाणे. ही राणी १७८० मध्ये वारली, पण तिचे नाणे अरबस्तान आणि इथिओपियाकडच्या व्यापारात इतके रुजले होते की व्हिएन्नाने तेच साल ठेवून ते पाडणे चालू ठेवले. पुढे २०व्या शतकात रोम, लंडन, पॅरिस, मुंबई अशा टाकसाळींनीही ते पाडले. वजन २८.०७ ग्रॅम, हजारात ८३३ भाग चांदी, सारे मूळचेच. घेणारे लोक राणीच्या अलंकारावरचे मोती मोजून ते पारखत. अशा नाण्याला खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ते १७८० चे आहे असे सांगून कुणी विकले तर त्या सांगण्याला खोटेच म्हटले पाहिजे. नाणे आणि त्याच्याबद्दलचे सांगणे यांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते.

एवढे सगळे ठाऊक झाल्यावरही माझी भीती संपलेली नाही, कारण सगळ्या परीक्षांच्या आड येते ती माझीच इच्छा. एखादे नाणे बरीच वर्षे शोधत असावे आणि ते समोर यावे, तेव्हा डोळे साक्षीदाराचे राहत नाहीत, वकिलाचे होतात. वजन थोडे कमी भरले की झीज आठवते, कड संशयास्पद दिसली की टाकसाळीचा निष्काळजीपणा आठवतो. यावर मला सापडलेला उपाय अगदी साधा आहे. नाणे पसंत पडले की मी ते खाली ठेवतो, आणि ते खोटे असण्याची तीन कारणे कागदावर लिहिल्याशिवाय पुन्हा उचलत नाही. कारणे लिहीपर्यंत दुसऱ्या कुणी ते नेले तर नेऊ द्यावे.

या क्षणी माझ्यासमोर आठ रेआलचे एक नाणे आहे. साल १७८३, तिसऱ्या कार्लोसचा मुखवटा, मेक्सिकोच्या टाकसाळीची खूण. वजन २६.५८ ग्रॅम; मूळ वजन २७.०७ असते, आणि राजाच्या केसांवरची झीज पाहता एवढी घट मला मान्य आहे. पाण्यात ते २.५८ भरले, म्हणजे घनता १०.३, चांगल्या चांदीची. कडेवर दोन सांधे आहेत आणि ते समोरासमोर आहेत. पण राजाच्या नावातल्या शेवटच्या अक्षराशेजारी एक गोल, बारीकशी पुटकुळी आहे, मोहरीच्या दाण्याच्या चतुर्थांशाएवढी. ठशाला गंज चढून खळगा पडला असेल तर अशी पुटकुळी खऱ्या नाण्यावरही उठते. साच्यात हवा अडकली असेल तर खोट्यावर. त्याच ठशातून निघालेले दुसरे नाणे सापडले आणि त्यावरही ती त्याच जागी असली, आणि बाकीच्या ओरखड्यांपैकी एकही जुळला नाही, तर दोष ठशाचा ठरेल. तीन महिने मी ते दुसरे नाणे शोधतो आहे. पाकिटावर साल लिहिले आहे, वजन लिहिले आहे, आणि वरची जागा कोरी ठेवली आहे.